पाय मोडायची कळ

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात,
हितेनभाईंनी काउंटरवर एक फळी ठेवली.
तळहाताएवढी. तिच्यावर तीन बटणं.
तांबडं, तपकिरी, निळं.
"दाबून बघा, ताई. घाई नाही."

तांबडं गेलं खाली, आलं वर. मुकं.
तपकिरी भिडस्त, मध्येच जरा अडखळून
मग हो म्हणणारं.
निळं मात्र तोंडाळ.
टिक् म्हटल्याशिवाय खाली जाईना.
मी ते दाबतच राहिले.
शेजारचा पोरगा, गळ्यात हेडफोन,
म्हणाला, "आंटी, गेमिंग?"
म्हटलं, "जप्ती."

बँकांच्या जाहीर नोटिसा टाइप करते मी.
पानाला अकरा रुपये.
स्थावर मालमत्ता, थकीत हप्ता, प्रत्यक्ष ताबा,
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला,
तमाम जनतेस कळविण्यात येते की.
आठ वर्षं एकच रबरी कीबोर्ड,
चहात बुडवलेल्या पावासारखा दबणारा.
त्याच्या डीवरचं अक्षर पार पुसलंय.
डी म्हणजे आमचा पाय मोडायचा.
कर्ज : र, मोड, ज.
व्याज : व, मोड, मग बाकीचं.
पाय मोडला की अक्षर
शेजारच्याला टेकतं
आणि जोडाक्षर होतं.
दिवसाला किती पाय मोडत असेन,
मोजायला बसले तर
पानं कधी करू?

हितेनभाईंच्या कॉम्प्युटरवर मराठी नव्हतं.
तरी सवयीनं बोटांनी नाव लिहिलं.
पडद्यावर आलं : व्ही, एन, टी.
"हे काय झालं?"
"नलू."
ते पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे,
आणि अठराशेतले पन्नास कमी केले.
का, ते त्यांनाच ठाऊक.
सतराशे पन्नास. मी मनात भागाकार केला.
एकशे एकोणसाठ पानं,
वर एक रुपया.

कन्नमवार नगरची खोली, घरात दोघीच.
मी आणि वन्सं.
वन्सं पहाटे चारला उठून दूध केंद्र उघडतात,
म्हणून नवाला आडव्या होतात,
आणि माझं काम नवानंतर येतं.
पहिल्या रात्री मी कीबोर्डाखाली टॉवेल घातला.
मग उशी. मग वरनं जुनं धुपाटणं झाकावं की काय,
असंही मनात आलं.
टिक् टिक् टिक्.
पांघरुणातून आवाज आला :
"सुपाऱ्या कातरतेस की नोटिसा?"
दुसऱ्या रात्री काहीच बोलल्या नाहीत.
ते जास्त लागलं.
मी रबरी कीबोर्ड परत काढून पुसून ठेवला.

तिसऱ्या रात्री पानं लवकर संपली.
साडेअकरा. हात मांडीवर घेतले.
खोलीत नुसता पंखा.
"थांबलीस का गं?"
"झालं काम, वन्सं."
"झोप मोडली ना माझी."
आणि कूस बदलून, भिंतीशी बोलावं तसं,
"सुरू असलं की कळतं, कुणीतरी आहे."

मी काहीच नाही म्हटलं.
नवी फाइल उघडली.
काय लिहावं सुचेना. नोटिशीत
सगळं आधीच ठरलेलं असतं.
म्हणून नुसती डी दाबली.
तोडायला अक्षर नाही, टेकायला शेजार नाही.
अशा वेळी पडद्यावर
ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ येतं,
त्याला खाली मोडका पाय.
आणखी एक. आणखी एक.
ओळ भरली. दुसरी भरली.
टिक्, टिक्, सावकाश,
घोरणं सुरू होईपर्यंत.

पूर्ण पान झालं.
त्याचे अकरा रुपये
मी कुठल्याच हिशेबात धरले नाहीत.
फाइलला नाव विचारलं तेव्हा
कळ असं लिहिलं
आणि दिवा घालवला.